मेजरची पाठ आणि पुंगळी काढलेली गाडी

संपादकांनी फोनवरूनच फर्मान काढलं, "डॉक्टर, दिवाळी अंकाला बिबट्या पाहिजे. शाहूवाडीला होतात की तुम्ही. जरा थरार येऊ द्या." आता बिबट्या मी बघितलाय. संध्याकाळचा भाताच्या खाचराच्या बांधावर बसला होता. माझ्याकडं बघून त्यानं जांभई दिली. त्याची एक दाढ किडलेली दिसली, ती काढायची तर हात कसा घालावा याचा मी विचार करेपर्यंत तो उठून गेला. एवढाच थरार. ज्या जनावरानं माझी खरी बोबडी वळवली ते तिळापेक्षा लहान होतं. त्याला पंख नव्हते, तरी ते छातीपर्यंत उडत होतं. तेव्हा साहेब, बिबट्या दुसऱ्या कुणाकडून घ्या. मी पिसू लिहिते.

मी जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरीत उभा जन्म म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालण्यात गेला. निवृत्त झाल्यावर कसबा बावड्याच्या वाटेवर कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढला. म्हटलं, आता लहान जनावरं, मऊ केस, मऊ माणसं. पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी टेबलावर एक पांढरं शुभ्र कुत्रं ठेवलं. त्याच्या शेपटीच्या मुळाशी केस नव्हते. मी म्हटलं, "पिसवा आहेत." बाईंनी असं बघितलं, जणू मी त्यांच्या सोन्याला पितळ म्हटलं. "आमचा टफी फिल्टरचं पाणी पितो हो!" मी म्हटलं, "पिसवाही तेच पितात, फक्त टफीतून." बाई परत आल्या नाहीत. टफी आला. एकटा. खोटं वाटत असेल तर टफीला विचारा.

बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावा म्हणून थोडं सांगते. पिसू चावते तेव्हा रक्त ओढायच्या आधी आपली लाळ सोडते. बऱ्याच कुत्र्यांना त्याचं काही नसतं. चावली तर चावली, खाजवलं, विसरलं. पण काहींना त्या लाळेचं वावडं असतं. अशा कुत्र्याला एक पिसू एकदा चावली तरी ते कित्येक दिवस स्वतःला ओरबाडत बसतं. पाठीचा मागचा भाग, शेपटीचं मूळ, मांड्या, सगळं चावून चावून सोललं जातं. मांजराचं आणखी वेगळं. ते चाटून चाटून पोट गुळगुळीत करतं आणि मानेवर बारीक खपल्या येतात. आणि खरी गंमत म्हणजे अशा जनावराच्या अंगावर पिसू सापडतच नाही, कारण ते दातांनी सगळ्या वेचून खातं. म्हणून मालक छाती पुढं काढून म्हणतो, "दाखवा की एक!" आणि डॉक्टर चोर ठरतो.

मग लोक त्याला लूत म्हणतात. लूत म्हणजे खरूज, ती माणसालाही लागते. पिसवांचं वावडं कुणाकडून कुणाला लागत नाही, पण दिसायला दोन्ही सारखीच. आणि एकदा 'लूत' म्हटलं की पुढचे उपाय ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. उद्यमनगरातल्या एका कारखानदारानं आपल्या कुत्र्याला गाडीचं जळकं ऑइल फासलं होतं, नाकापासून शेपटीपर्यंत. माझ्या टेबलावरून ते कुत्रं साबणासारखं निसटलं आणि भिंतीवर जे उमटलं ते मी अजून पुसलेलं नाही, पोरं त्याला चित्र समजतात. दुसऱ्या एकानं म्हशीच्या गोचिडीचं औषध मांजराला चोळलं. म्हशीला ते सोसतं. मांजराच्या मज्जातंतूंना ते विषच. ते थरथरतच आलं. वाचवलं आम्ही, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आणि जे उपायांनी थकतात ते कुत्र्याला गाडीत घालतात आणि पन्हाळ्याच्या वाटेवर सोडून येतात. एकदा मी त्या वाटेनं जाताना एक कुत्रं माझ्या जीपमागं धावलं. त्याच्या पायाला मीच बांधलेली पट्टी होती. मी थांबले. ते कुत्रं माझ्याकडं आलं नाही. जीपच्या मागच्या सीटवर वाकून बघितलं त्यानं, आपलं माणूस आत आहे का ते. तेव्हापासून 'लूत' हा शब्द कुणी उच्चारला की माझं डोकं फिरतं.

तर अशा भरात असताना बंडा आला.

बंडा बावड्यातला म्हैसवाला. दारात उभा राहिला की दवाखान्यात अंधार पडायचा. मिशा अशा की दोन्ही बाजूंना एकेक चिमणी बसावी. त्याच्या काखेत मेजर. मेजर म्हणजे गावठी कुत्रं, पण कुठल्या तरी पिढीत अल्सेशियन येऊन गेलेला. पुढून बघितलं तर फौजदार. मागून बघितलं तर सोललेला नारळ. पाठीमागं त्याची आई, आक्का. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की ती बावड्यात बोलली तर शिये पुलावर म्हशी माना वळवतील.

"बाई," आक्का मला म्हणाली, "ह्येला लूत लागलीया. आमच्या घरात तान्हं प्वार हाय. ह्यो पाडव्याच्या आत बरा झाला तर बरा. न्हायतर बंडा त्येला पन्हाळ्याकडं सोडून ईल. मी सांगितलंय त्येला."

बंडा माझ्याकडं न बघता मेजरच्या कानामागं खाजवत होता. एवढा मोठा गडी, पण डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्यानं छताकडं बघितलं आणि म्हणाला, "म्याडम, हरणीचं काय करू मग?"

हरणी म्हणजे त्याची म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी पळवतात, हे बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. म्हशीचे केस काढायचे, तेल चोळून आरशासारखी करायची, शिंगं रंगवायची, मोरपिसं, कवड्या, घुंगरं. मग मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस मागं सुसाट. गाडीची पुंगळी आधी काढून ठेवायची. पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या आतली नळी. ती काढली की गाडी ठोठो करत नाही, तोफा डागते. त्या आवाजामागं म्हैस धावते. हरणीचं मात्र वेगळं होतं. रेडकू असताना तिची आई गेली आणि मेजर तिच्या कुशीला झोपून वाढला. ती गाडीच्या मागं कधीच पळत नव्हती. गाडीच्या टाकीवर मेजर बसलेला असायचा, ती त्याच्या मागं पळायची. मेजर नसेल तर हरणी रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करणार, आणि सगळा बावडा बघणार.

मी मेजरला फणी फिरवली. पांढऱ्या कागदावर मिरीच्या कुटासारखे काळे कण पडले. त्यावर पाण्याचे थेंब सोडले आणि कागद लाल झाला.

"रगात!" आक्का दोन पावलं मागं सरकली.

"पिसवांची विष्ठा," मी म्हटलं. "पचलेलं रक्त. लूत नाही आक्का, ह्याला पिसवांचं वावडं आहे. तुमच्या बाळाला ह्याच्यापासून काही लागणार नाही."

हे ऐकून बंडाला आनंद व्हायला पाहिजे होता. पण त्याच्या मिशा ताठ झाल्या. "पिसवा? आमच्या गोठ्यात? म्याडम, आमच्या गोठ्यात जमिनीवर भात वाढून खावा. तुम्ही गोठा वास मारतो म्हणा, म्हशीला लाथाडी म्हणा, मला काय बी म्हणा. पिसवा म्हणू नका. दाखवा एक पिसू!"

मी नाही दाखवू शकले. मेजरनं खाल्ली होती.

पिसवा मारायची गोळी दिली, खाज कमी करायची दिली, आणि घरातल्या सगळ्या जनावरांना औषध एकाच वेळी दिलं पाहिजे, हे बजावून सांगितलं. "कुत्रं हे एकच," बंडा म्हणाला. आक्का काही बोलली नाही. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं. बोलायची संधी आक्का सोडत नाही.

मेजर थोडा सुधारला. नवरात्र संपलं, पाडवा जवळ येऊ लागला, तशी त्याची पाठ परत पेटली. आता आधीपेक्षाही वाईट. मी गोळी बदलली. परत तेच. मला धक्काच बसला. माझी औषधं म्हशीला उभी करतात, आणि एक कुत्रं ऐकत नाही म्हणजे काय? बंडाला झापलं, "गोळी देतोस की स्वतः खातोस?" त्यानं हरणीची शपथ घेतली. आणि मग त्याची बायको वर्षा बाळाला घेऊन माझ्याकडं आली, रडतच. बाळाच्या पिंढरीवर ओळीनं लाल टिपके. "आमच्या सासूबाई म्हणतात लूत लागली. आजच मेजरला सोडायचं म्हणतात. बाळाला डॉक्टरकडं नेते म्हणून सांगून आले, आधी तुमच्याकडं."

ते टिपके बघून मी उठलेच. पिसवांचे चावे असे ओळीत असतात. म्हणजे मेजरच्या अंगावरच्या पिसवा गोळ्यांनी मरत होत्या, पण घरात कुठंतरी रोज नव्या जन्माला येत होत्या. जनावराच्या अंगावर दिसते ती फौजेची टेहळणी तुकडी. छावणी जमिनीच्या भेगांत, गोणपाटात, गादीत असते. अंडी, अळ्या, आणि शेवटी कोश. त्या कोशाला फवाऱ्याचा काही उपयोग होत नाही. आतली पिसू तयार होऊन महिनोन्‌महिने गप्प पडून राहू शकते.

माझा भाचा तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. त्याचे गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे सलवारीवर चढवले. पांढऱ्यावर पिसू चढली की काळी दिसते, यापेक्षा भारी यंत्र अजून निघालेलं नाही. त्या अवतारात मी बावड्यात उतरले तेव्हा एक पावणं सायकलवरून पडलं. मी सांगत नाही, लोक सांगतात.

आधी गोठा. इंच इंच फिरले. मोजे दुधासारखे. बंडा मागून येत होता, "बगा! बगा म्याडम!" वाड्याच्या बाजूला पत्र्याची एक जुनी खोली. खाली मोटारसायकल, मेजरचं गोणपाट, दाराशी आक्काची जागा, सकाळच्या उन्हात ती तिथंच बाळाला तेल लावते. वर लाकडी फळ्यांचा माळा. त्या खोलीत खालीही मी उभी राहिले. काही नाही. मोजे पांढरे. माझी नोकरी, माझी डिग्री, माझं तोंड, सगळं काळं.

"झालं समाधान?" आक्का म्हणाली. "आता न्ये बंडा त्येला."

बंडानं मेजरच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मेजरकडं बघून म्हणाला, "शेवटचं एकदा गाडीवर बसू दे त्येला. हरणीला दाखवतो. मग जातो." मेजरनं टाकीवर उडी मारली. बंडानं किक मारली.

पुंगळी काढलेली होती. तो आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही. पत्रा थरथरला, फळ्या थरथरल्या, माझ्या दाढेतलं सिमेंट हललं. बंडा मूठ पिळत होता आणि गाडी तोफा डागत होती. आणि मग मला पायांना काहीतरी झालं. खाली बघितलं तर मोजे पांढरे नव्हते.

मी भूतबाधा मानत नाही, पण त्या क्षणी मानलं असतं. घोट्यापासून वर काळं चढत होतं. टप टप टप, जणू जमीन उकळत होती. मी ओरडले, पण माझ्या ओरडण्याचा आवाज मलाच आला नाही. बंडानं वळून बघितलं, माझ्या पायांकडं बोट केलं आणि त्याची मूठ सुटली. गाडी बंद पडली. मेजरनं टाकीवरून उडी मारली ती थेट दाराबाहेर बांधलेल्या हरणीच्या पाठीवर.

"आईच्या गावात," बंडा म्हणाला. एवढंच.

शांतता झाल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोशातली पिसू कशाची वाट बघत असते? ऊब, श्वास आणि हादरा. जवळ जनावर आलं असं वाटलं की ती फटकन बाहेर पडते. बंडा रोज पाडव्याचा सराव करत होता, रोज जमीन हादरवत होता, आणि रोज नवी फौज उठवत होता! जितका सराव जोरात, तितकी मेजरची पाठ लाल. माझ्या गोळ्यांनी एक पलटण मारायची, तोवर ह्यानं पुंगळी काढून दुसरी बोलवायची. मी हसू की रडू कळेना.

पण छावणी? ती खाली नव्हती. मान वर करून बघितलं, तर पिसवा माळ्याच्या फळ्यांतून खाली पडत होत्या. मी शिडीला हात घातला तशी आक्का आडवी झाली. "वर काय न्हाय."

"आक्का, बघू द्या."

"म्हनलं न्हवं, काय न्हाय!"

तेवढ्यात माळ्यावरून आवाज आला. बारीक. मग आणखी एक. म्याऊ.

बंडा आईला बाजूला करून दोन ढांगांत वर गेला आणि तिथंच थिजला. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. मखमलीच्या लाल झुलीवर एक तपकिरी मांजरी आडवी झाली होती, पोटाशी पिल्लं. बाजूला स्टीलच्या वाटीत दूध. ताजं. झुलीवर तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी अंडी आणि तेच मिरीचं कूट, मुठीनं उचलावं एवढं.

"आये," बंडा म्हणाला, "ही आप्पांची झूल हाय."

ही झूल त्याच्या वडिलांच्या हातची. ते गेल्यापासून आक्का ती कुणाला शिवू देत नव्हती. वर्षानं एकदा ऊन दाखवायला काढली म्हणून सासूनं तिच्याशी अबोला धरला होता. दर पाडव्याला हरणीच्या पाठीवर ती टाकायची, परत घडी घालायची, तीही आक्कानंच. आणि त्याच आक्कानं ती मांजरीला अंथरली होती.

"बाळंतीण हाय ती," आक्का खालून म्हणाली. आता आवाज शिये पुलापर्यंत जाणारा नव्हता. "दरसाली येती. मऊ लागलं तिला."

"पर आप्पांची झूल, आये?"

"मग? तुझ्या बाला काय आता थंडी वाजतीया व्हय?"

बंडा पिसाळला. "ही मांजरी आत्ता जाणार! माझ्या मेजरला घालवायला निघालीस, आन्‌ ही वर दूध पितीया?" त्यानं हात पुढं केला आणि आक्कानं शिडीवर चढून त्याचा हात धरला. त्या वयात ती कशी चढली मला माहीत नाही. नऊवारीचा ओचा वर सरला आणि तिच्या पायांवरही तेच ओळीनं लाल टिपके दिसले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. खाजवून खाजवून रक्त आलेलं. म्हातारी हे सगळं लुगड्याखाली झाकून बसली होती.

तेव्हा मी बोलले. आवाज चढवायची गरज पडली नाही. "आक्का, वावडं मेजरला आहे, मांजरीला नाही, म्हणून ती मजेत आणि तो सोललेला. दोघांवर पिसवा त्याच आहेत. आता ठरवा. दोघं जातात, नाहीतर दोघं राहतात. एकाला पन्हाळ्याला आणि एकीला दूध, असं माझ्या दवाखान्यात चालत नाही."

आक्का मांजरीकडं बघत होती. मग खाली मेजरकडं बघितलं. तो हरणीच्या पाठीवर बसून पाय चावत होता.

"सांग, काय करायचं," ती म्हणाली.

मग मी सांगितलं आणि बंडाला वाटलं मला वेड लागलं. "रोज सकाळ-संध्याकाळ ह्या खोलीत गाडी सुरू करायची. पुंगळी काढून."

"आं?"

"पिसवा कोशात आहेत तोवर मरत नाहीत. उठव त्यांना. उठल्या की सगळ्यांनी बाहेर जायचं आणि मी देते तो फवारा मारायचा. मेजरला ओसरीवर ठेव, खोलीत पाय टाकू देऊ नको. मांजरीला मांजराचंच औषध, मानेवर थेंब, म्हशीचं जवळ आणलंस तर हात तोडीन. पिल्लं फार लहान आहेत, त्यांना औषध नको, त्यांना फणीनं विंचरायचं." आणि झूल? झूल उकळत्या पाण्यात गेली पाहिजे, हे सांगताना माझीच जीभ अडखळली. आक्कानं चुलीवर हंडाभर पाणी उकळलं. स्वतः झूल आत सोडली. मखमलीचा सगळा लाल रंग पाण्यात उतरला, झूल फिकट गुलाबी होऊन बाहेर आली. आक्कानं पिळली, दोरीवर टाकली आणि पिल्लं मांडीवर घेऊन वर्षाच्या फणीनं विंचरायला बसली. वर्षानं फणी परत मागितली नाही.

शेजाऱ्यांनी तक्रार केली की सकाळी सहाला तोफा कसल्या. बंडा म्हणायचा, "डॉक्टरांनी सांगितलंय." लोकांनी मला शिव्या दिल्या. पण मोजे परत पांढरे झाले. बाळाचे पाय स्वच्छ झाले. मेजरची खाज थांबली. केस मात्र इतक्या लवकर कुठले येणार? मागची बाजू पाडव्यालाही भाजलेल्या वांग्यासारखीच होती. बंडा तिथं काळा रंग मारायच्या तयारीत होता, मी डबा काढून घेतला.

पाडव्याला मी गेले. बावड्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. हरणी अशी चकाकत होती की तिच्या पाठीत मी पदर नीट केला. बंडानं गाडी काढली, मेजरनं टाकीवर उडी मारली आणि लोकांकडं पाठ करून बसला. सगळ्या रस्त्यासमोर ती उघडी मागची बाजू.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बंडा, लूत भरल्यालं कुत्रं कशाला आणलंस रं? आमच्या म्हशीस्नी लागंल!" हशा उठला. लोक मागं सरकले. एकानं आपल्या म्हशीचा दोर ओढला. बंडाचा हात हँडलवर तसाच राहिला आणि चेहरा पडला. मी पुढं होणार, तोवर गर्दी फाटली.

आक्का. कडेवर नातू.

"कोन म्हनला लूत?" शिये पुलावर नक्की म्हशींनी माना वळवल्या असणार. "कोन त्यो? फुडं ये! त्येला पिसवाचं वावडं हाय. वावडं! तुला वांगं चालत न्हाय, अंगावर पित्त उठतं, तवा आमी तुला सोडलं व्हय पन्हाळ्याला?"

ज्याला उद्देशून हे होतं तो माणूस बहुधा तिचा भाचाच असावा, कारण तो शेजारच्याच्या मागं लपला.

"लागत न्हाय कुनाला," आक्का म्हणाली. तिनं मेजरच्या उघड्या पाठीवर आपला हात ठेवला. मग नातवाला खाली वाकवलं, त्याचा चिमुकला तळवा धरला आणि अख्ख्या बावड्यासमोर त्याच जागी टेकवला. पोरगं हसलं. मेजरनं मान वळवून त्याची बोटं चाटली.

"सोड गाडी," आक्का बंडाला म्हणाली. "हरणी थांबलीया."